कथाचित्रणाची मुळाक्षरे

१

मराठी पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर, मुद्रक व प्रकाशक यांच्या नावांच्या शेजारी, ‘मुखपृष्ठ व आतील सजावट’ अशी एक ओळ पुष्कळदा आढळते. त्या ओळीपुढे चित्रकाराचे नाव असते. वाचक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो, आणि परीक्षकाला तर तिची दखल घेण्याचे काही कारणच वाटत नाही. परंतु कथाचित्राविषयीची आपली सारी धारणा ‘सजावट’ या एका शब्दात साठलेली आहे. सजावट मांडवाची असते, मखराची असते. ती उतरवून ठेवली म्हणून लग्न लागावयाचे थांबत नाही, की मूर्तीचे देवत्व उणावत नाही. कथेतील चित्र जर अशी सजावट असेल, तर ते काढणाऱ्याला हाताच्या कसबापलीकडे फारसे काही शिकावयास नको. पण ते जर कथेच्या अर्थाचा भाग असेल, तर त्याच्या शिक्षणाचा आरंभ कोठून व्हावा, हा प्रश्न कलाशाळेपुरता उरत नाही. तो साहित्याचा होतो. साहित्यविषयक नियतकालिकात चित्रकलेच्या वर्गाची चर्चा करण्याचे धाडस मी याच समजुतीने करीत आहे.

निमित्त तसे लहानच घडले. आमच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन कलाशिक्षणासाठी गेलेला एक विद्यार्थी श्रावणात साखळीला घरी आला होता. वर्गात त्याला काम मिळाले होते ते असे : आपल्या भाषेतील एखादी छोटी गोष्ट निवडावी आणि तिला एकच चित्र काढावे. त्याने आजीच्या तोंडून ऐकलेली सोमवारची खुलभर दुधाची कहाणी निवडली. त्याचा पहिला आराखडा शिक्षकांनी परत केला. चित्रात त्यांनी एकही रेघ दुरुस्त केली नव्हती; कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘गोष्ट पुन्हा वाच.’ पोर गोंधळून माझ्याकडे आले. मी त्याला तीन वर्षे मराठी शिकविले होते. तो म्हणाला, “सर, गोष्ट मला पाठ आहे. आता पुन्हा काय वाचायचे?”

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. जे दिले ते चुकीचे निघाले. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम, आपल्याकडे चित्रकलेची मुळाक्षरे कोणत्या क्रमाने गिरविली गेली, ते पाहणे इष्ट होईल.

२

मुंबईची जे. जे. कलाशाळा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडात जॉन रस्किनचा ‘दि एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग. परंतु तो विचार करण्याजोगा आहे. रस्किनच्या मते रेखाटन शिकावयाचे ते मुख्यतः पाहणे शिकण्यासाठी. हाताने पानाची कड काढू लागलो म्हणजेच ते पान आपण प्रथम खऱ्या अर्थाने पाहतो. उलट, हिंदुस्थानात त्या काळी ज्या कलाशाळा निघाल्या, त्यांच्यापुढे देशी कारागिरी सुधारण्याचा आणि उद्योगाला उपयोगी पडणारे कुशल हात तयार करण्याचा हेतू होता. एकाने डोळ्यापासून आरंभ केला, दुसऱ्याने हातापासून. आपल्या वाट्याला दुसरा मार्ग आला.

त्या मार्गावरील पायऱ्या ठरून गेल्या होत्या. आधी छापील नमुन्याची नक्कल, मग वस्तुचित्र, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, त्यानंतर वस्त्रांच्या चुण्या, शरीररचना, यथार्थदर्शन, आणि शेवटी जिवंत मनुष्य समोर बसवून अभ्यास. या पायऱ्यांची सावली आमच्या शाळांपर्यंत पोहोचली. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांना बसलेल्या कोणालाही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे शब्द परके नाहीत. तांब्याची कड दोन्ही बाजूंनी सारखी आली पाहिजे, या धाकात कित्येक पिढ्यांची बोटे वळली आहेत.

गोमंतकाला तर ही मुळाक्षरे गिरवण्यासाठीही बराच काळ घाट उतरावा लागला. सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद, मडगावचे दीनानाथ दलाल आणि लक्ष्मण पै हे तिघेही मुंबईला जाऊन शिकले. त्रिंदाद तर पुढे जे. जे. मध्येच अध्यापक झाले. सांतइस्तेवचे आंजेलो द फोन्सेका यांनी मात्र मुंबईचा क्रम सोडून शांतिनिकेतनाची वाट धरली. पणजीस कला महाविद्यालय निघाले ते १९७२ साली, आणि पुढे लक्ष्मण पै त्याचे प्राचार्य झाले. आज साखळीचा मुलगा सकाळच्या बसने आल्तिनोला जाऊन चित्रकला शिकू शकतो, हे ज्यांनी पूर्वीचे दिवस पाहिले त्यांना किती मोठे वाटते, हे वेगळे सांगावयास नको.

३

या शिक्षणक्रमाची मराठीतील सर्वांत विस्तृत साक्ष म्हणजे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हा १९४० सालचा आत्मकथनपर ग्रंथ. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथेच शिक्षक झाले, आणि १९३१ साली निवृत्त होण्यापूर्वी त्या संस्थेच्या सर्वोच्च पदाचा भारही त्यांनी सांभाळला. ग्रंथाचे नावच लेखकाची वृत्ती सांगते. आत्मचरित्राच्या शीर्षकात ‘मी’ नाही, संस्था आहे. आणि ती संस्था शाळा म्हणून येत नाही, मंदिर म्हणून येते. मंदिरात क्रमाला महत्त्व असते. गाभाऱ्यात जाण्यापूर्वी पायऱ्या चढाव्या लागतात, पाय धुवावे लागतात. धुरंधरांनी त्या पायऱ्या निष्ठेने चढल्या आणि त्या निष्ठेचे फळ त्यांच्या हाताला मिळाले.

ते फळ केवढे होते, हे त्यांनी चित्रित केलेल्या पुस्तकांवरून दिसते. ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथातील त्यांच्या स्त्रिया पाहाव्यात. प्रत्येकीचे नेसणे, पदराची घेण्याची तऱ्हा, अंगावरचे दागिने, उभे राहण्याची ढब यांत इतका नेमकेपणा आहे की वेशभूषेच्या अभ्यासकाने तो पुरावा म्हणून वापरावा. जेथे लेखकाचे म्हणणेच ‘अशा अशा स्त्रिया आहेत’ एवढे असते, तेथे धुरंधरांच्या शिक्षणाला काहीच उणे पडत नाही.

परंतु याच हाताकडे सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकाचे काम आले होते. हे पुस्तक म्हणजे आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्यांचे इंग्रजी रूप. येथे एक नाजूक अडचण उभी राहते. कहाणीतल्या आटपाट नगराला ठिकाण नाही. त्याचा राजा कोणत्या वंशाचा, त्याची पगडी कोणत्या घाटाची, हे कहाणी सांगत नाही. आणि ती सांगत नाही म्हणूनच ते नगर प्रत्येक आजीच्या गावाशेजारी वसू शकते. नेमकेपणात वाढलेला चित्रकार या नगरात शिरला की तो आपल्या सवयीने राजाला विशिष्ट पोशाख देतो, वाड्याला विशिष्ट महिरप देतो. धुरंधरांच्या शैलीचा स्वभावच वस्तूला तिचे नाव-गाव देण्याचा आहे. चित्र अधिक खरे होते, आणि कहाणीचे नगर मात्र एका पत्त्यावर बांधले जाते. हा धुरंधरांच्या कसबाचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना जे शिकविले गेले त्याचा तो न्याय्य परिणाम आहे : दिसते ते कसे काढावे, हे तो शिक्षणक्रम उत्तम शिकवीत असे, काय न दाखवावे, हा प्रश्न त्याच्या कोणत्याच पायरीवर विचारला जात नसे.

४

आता त्या विद्यार्थ्याच्या कागदाकडे वळू. कहाणी वाचकांना ठाऊकच आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा अशी इच्छा राजाला झाली. सोमवारी नगरातील सर्व दूध देवळात आणावे, अशी त्याने दवंडी पिटविली. कोणी मुलांना दूध ठेवले नाही, कोणी वासरांना पाजले नाही. घागरी रित्या झाल्या, तरी गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी, घरचे सर्व करून, लेकरांना व वासरांना तृप्त करून, उरलेले खुलभर दूध घेऊन आली, आणि तेवढ्याने गाभारा भरला. पुढे राजाने पाळत ठेवून तिला कारण विचारले, तेव्हा तिने सांगितले, की तुझ्या दुधात तळमळ होती, म्हणून देवाला ते पावले नाही.

पहिल्या आराखड्यात त्याने दुथडी भरलेला गाभारा काढला होता. दूध उंबऱ्यावरून वाहत आहे, राजाचे हात आश्चर्याने वर गेले आहेत. रेखाटन चांगले होते. पण हे चित्र पाहून कोणालाही वाटावे, की राजाच्या घागरींनीच चमत्कार केला. गोष्टीच्या नेमके विरुद्ध बोलणारे चित्र, आणि तरी त्यात गोष्टीत नसलेले असे काहीही नव्हते! शिक्षकांनी रेघेला हात का लावला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

मी त्याला माझ्या परीने मार्ग दाखविला. परीक्षेत कथेचा उत्कर्षबिंदू विचारला म्हणजे जे उत्तर आम्ही लिहून देतो, तेच मी दिले. म्हणालो, “राजा विचारतो आणि म्हातारी उत्तर देते, तो प्रसंग घे. सारे मर्म त्यातच आहे.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण सर, चित्रात दोन माणसे समोरासमोर उभी दिसणार. ती काय बोलते ते कसे दिसेल?”

कलाशाखेची पदवी घेऊन, इतकी वर्षे मराठीचे अध्यापन करून, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. जर्मन पंडित लेसिंग याने आपल्या ‘लाओकोऑन’ या ग्रंथात (१७६६) ती मांडली आहे, आणि ती मी विद्यार्थिदशेत वाचलीही होती : काव्याचे माध्यम काळ, चित्राचे माध्यम अवकाश, चित्राला एकच क्षण मिळतो, म्हणून तो असा निवडावा की ज्यातून मागचे व पुढचे दोन्ही कल्पनेला गाठता यावे. उत्कर्षाचा क्षण यासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो. कारण त्याच्यापुढे कल्पनेला जावयास जागाच उरत नाही. तत्त्व मला माहीत होते. खुलभर दुधाला ते लावून पाहण्याची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

चार दिवसांनी त्याने दुसरा आराखडा आणला. देऊळ त्यात नव्हतेच. म्हातारीचे अंगण होते. एका बाजूला वासरू आईला लुचत आहे. पायरीवर एक मूल वाटी तोंडाला लावून बसले आहे. आणि म्हातारी ओणवी होऊन, उरलेल्या दुधावर बेलाचे पान झाकीत आहे. कुडापलीकडून, लहान आकारात, डोक्यावर घागरी घेतलेल्या माणसांची रांग चालली आहे, आणि त्या बाजूच्या गोठ्यात एक वासरू दावे ताणून उभे आहे. गाभारा भरला की नाही, हे चित्र सांगत नाही. ते शब्दांनी सांगावयाचे आहे. चित्राने ते शब्दांसाठी राखून ठेवले आहे. दोन वासरांमधील अंतर हेच त्या म्हातारीचे उत्तर होते, आणि ते दिसत होते.

हे चित्र निर्दोष होते, असे मात्र कोणी समजू नये. दावे ताणणाऱ्या वासराचे मागचे पाय चुकले होते. भार कोठे पडतो याची जाण नसल्यामुळे ते वासरू ताण देत आहे असे न वाटता, घसरत आहे असे वाटत होते. ज्या एका ठिकाणी सारा अर्थ येऊन टेकला होता, नेमके तेथेच नजर अडखळत होती. अर्थ सापडला, तर तो पेलावयास हात तोकडा पडला. मुलालाही ते कळले होते. सुटीचे उरलेले दिवस त्याने शेजारच्या गोठ्यात बसून वासराचे पाय काढण्यात घालविले. आणि जो शरीररचनेचा अभ्यास त्याला वर्गात रुक्ष वाटत असे, त्याची गरज त्याला प्रथमच आतून लागली.

५

येथे एक आक्षेप संभवतो. वाचन हेच जर कथाचित्रणाचे मूळ असेल, तर कलाशाळा हवी कशाला? आणि या आक्षेपाला उदाहरणांचा आधारही आहे. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते. कलाशाळेचा शिक्का त्यांच्यावर नाही. तरी पु. ल. देशपांडे यांच्या लेखनासोबत त्यांची रेषा अशी वावरते, की तीही हसणाऱ्यांतलीच एक वाटते. आमचे लोटलीचे मारिओ मिरांडा इतिहासाचे पदवीधर. तरुणपणीच्या रोजनिशीत ते रोजच्या नोंदी चित्रांतून करीत. तीच त्यांची शाळा.

परंतु ही उदाहरणे नीट पाहिली म्हणजे ती आक्षेपाला न पोसता उलट दिशेने बोलतात. मारिओंच्या रोजनिशीत वर्षानुवर्षांची रेखाटने आहेत. हाताचा अभ्यास त्यांनी टाळला नाही, फक्त तो पुतळ्यांऐवजी गावातल्या माणसांवर केला. दुसऱ्या बाजूला दलालांचे उदाहरण आहे. १९१६ साली मडगावी जन्मलेला, कलाशाळेच्या शिस्तीतून बाहेर पडलेला हा चित्रकार १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढतो आणि एका पिढीच्या मराठी वाचकाच्या मनातील नायक-नायिकांना चेहरे देतो. शाळेने त्यांना मारले नाही, आणि शाळेवर ते थांबलेही नाहीत. नियतकालिकाच्या छपाईने त्यांना पुढचे धडे दिले असले पाहिजेत. रेषेच्या ठशात करडी छटा उमटत नाही, काळे किंवा पांढरे एवढीच निवड असते. म्हणजे सावली हवी असेल तर तिचीही रेषाच करावी लागते. छापखान्याची ही अट म्हणजे लेखकाला दिलेल्या शब्दमर्यादेसारखीच होय. तिच्यामुळे काय गाळावे हे ठरवावेच लागते, आणि गाळणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे.

तेव्हा वाद हात आणि अर्थ यांपैकी कोण श्रेष्ठ असा नाही. वाद क्रमाचा आहे. चार वर्षे हात तयार करावा आणि मग एके दिवशी त्याच्यापुढे कथा ठेवावी, हा क्रम बरोबर आहे काय? माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तरी कथेने वासराची गरज निर्माण केली, आणि गरजेने अभ्यास. मुळाक्षरे ही शब्दाआधी शिकावी लागतात हे खरे. पण जे मूल एकही गोष्ट ऐकण्यापूर्वी केवळ बाराखडी घोकते, त्याची बाराखडी लवकर पाठ होते आणि वाचन उशिरा येते, हे कोणत्याही शिक्षकास सांगावे लागू नये.

६

आपल्या परंपरेत हा क्रम वेगळा होता, याची खूण साखळीहून फार दूर नाही. पेडण्याची हद्द ओलांडून कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथींनी रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रपोथ्या पिढ्यानपिढ्या जपल्या. सुट्या पानांवर चित्रे; वाद्यांच्या साथीने आख्यान गात गात एकेक पान प्रेक्षकांपुढे धरावयाचे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचे नाव पुष्कळांनी प्रथम ऐकले. या परंपरेत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर आधी आख्यान पडते, आणि पान केव्हा उलटावयाचे हे त्याला गाण्यातून कळते. कोणता क्षण चित्राचा आणि कोणता गळ्याचा, ही वाटणी त्याच्या अंगवळणी पडते. शरीररचनेच्या कसोटीला ती चित्रे उतरणार नाहीत. पण त्यांना ‘सजावट’ म्हणण्याचे धैर्य कोणास होईल? चित्र काढून घेतले तर तेथे कथाच अर्धी राहते.

बंगालने ही जाण पाठ्यपुस्तकात आणली. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालवाचनमालेला (१९३०) नंदलाल बोस यांनी चित्रे दिली. अक्षर आणि चित्र तेथे एकाच काळ्या ठाशीवपणाने उभे राहतात. मूल दोन्ही एकदमच वाचू लागते. भाषेच्या शिक्षकाने आणि चित्राच्या शिक्षकाने एका पानावर एकत्र काम केले म्हणजे काय घडते, याचा तो वस्तुपाठ आहे.

आमच्या शाळांत हे दोन शिक्षक शिक्षकखोलीत शेजारी बसतात, वर्गात मात्र कधी भेटत नाहीत. आणि दोष इतरांना देण्यापूर्वी मी माझा सांगितला पाहिजे. मुख्याध्यापक या नात्याने वेळापत्रक माझ्या हाताने तयार होते. दहावीच्या वर्षी गणिताला तास कमी पडू लागले, की चित्रकलेचा तास मी बिनदिक्कत उचलून तिकडे दिला आहे. एकदा नव्हे, अनेक वर्षे. त्याहून मोठा अपराध माझ्या स्वतःच्या तासाचा आहे. ‘धडा वाचा’ असे मी हजार वेळा म्हटले, आणि त्याचा अर्थ ‘प्रश्नांची उत्तरे शोधा’ एवढाच राहू दिला. या गोष्टीत काय सांगितले आहे, हे मी विचारीत आलो. या गोष्टीत काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, हे मी कधी विचारले नाही. तो प्रश्न विचारला असता, तर कलाशाळेतील शिक्षकांना माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावर ते तीन शब्द लिहावे लागले नसते.

कलाशाळेला दृष्टी देता येईल, कसब देता येईल. भाषा देता येणार नाही. ती घेऊनच मुलाने तेथे जावयाचे असते. कथाचित्रणाची पहिली मुळाक्षरे, म्हणून, मराठीच्या तासाला गिरविली जातात, किंवा तेथेच राहून जातात. यंदाच्या वेळापत्रकात दहावीचा चित्रकलेचा तास मी ठेवला आहे, आणि त्यातील दर पंधरवड्याचा एक तास मराठीच्या शिक्षकाने चित्रकलेच्या शिक्षकासोबत घ्यावा, अशी योजना केली आहे. पहिल्या तासाला मी स्वतः जाणार आहे. गोष्ट अर्थात खुलभर दुधाचीच असेल. आणि मुलांनी काही काढण्यापूर्वी ती मी त्यांना दोनदा वाचून दाखविणार आहे.